50 ई-बस मंजूर झाल्या, पण वीज कुठून आणायची? एका महापालिकेचं प्रकरण

हे महाराष्ट्रातल्या एका मध्यम आकाराच्या महापालिकेचं प्रकरण आहे. शहराचं नाव देत नाही, माणसांची नावं देत नाही, काही आकडे मुद्दाम गोल केलेत. मी त्या वेळी परिवहन विभागाच्या प्रस्तावाच्या कामात होतो, त्यामुळे बऱ्याचशा बैठकांना स्वतः हजर होतो. लिहायचं कारण एवढंच की सरकारी निधी मंजूर झाला ही बातमी सगळे वाचतात, पण मंजुरीपासून बस स्टॉपवर बस येईपर्यंत मधे काय काय होतं ते कुठेच नीट लिहिलेलं सापडत नाही, आणि जी शहरं आज त्याच रांगेत उभी आहेत त्यांना ते कळायला पाहिजे.

पार्श्वभूमी

आमच्याकडे शहर बससेवा होती, पण नावापुरतीच. डिझेलच्या जुन्या गाड्या, निम्म्या वर्कशॉपमध्ये, स्पेअर पार्ट मिळेनात, आणि ज्या रस्त्यावर होत्या त्यांची फेरी कधी येईल याचा भरवसा नाही म्हणून लोक शेअर रिक्षाकडे गेलेले.

2019 मध्ये एकदा प्रयत्न झाला होता. इलेक्ट्रिक गाड्यांना मदत देणाऱ्या केंद्राच्या फेम योजनेचा दुसरा टप्पा 1 एप्रिल 2019 ला सुरू झाला, तरतूद 10,000 कोटींची, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये देशातल्या 64 शहरांसाठी 5,595 ई-बस मंजूर झाल्या. त्या यादीत आम्हीपण होतो. तेव्हा मदत बॅटरीच्या क्षमतेवर मिळायची, एका किलोवॉट अवरला, म्हणजे एका युनिटला, 20,000 रुपये आणि बसच्या किमतीच्या 40 टक्क्यांपर्यंत मर्यादा. म्हणजे 200 किलोवॉट अवरची बॅटरी असेल तर 40 लाख. ऐकायला छान वाटतं. पण हा पैसा गाडी घेण्यापुरता, हप्त्यांनी येणारा, आणि पुढची दहा-बारा वर्षं गाडी चालवायचे पैसे मात्र महापालिकेने ऑपरेटरला, म्हणजे बस आणून चालवणाऱ्या खासगी कंपनीला, दर महिन्याला द्यायचे. आमच्या महापालिकेची पत बघून ऑपरेटरांनी पाठ फिरवली. पहिल्या टेंडरला प्रतिसादच नाही, दुसऱ्याला एकच आला आणि त्याचा दर झेपणारा नव्हता. मग कोविड आला आणि ती मंजुरी हातातून गेली.

ही जुनी जखम सगळ्यांच्या लक्षात होती, त्यामुळे 16 ऑगस्ट 2023 ला केंद्रीय मंत्रिमंडळाने पीएम ई-बस सेवा मंजूर केली तेव्हा आमच्याकडे आनंदापेक्षा शंका जास्त होत्या. योजना मोठी, 10,000 बस, अंदाजे खर्च 57,613 कोटी, त्यातले 20,000 कोटी केंद्राचे. फरक असा की यावेळी पैसा गाडीच्या खरेदीवर नव्हता, धावलेल्या किलोमीटरवर होता. 12 मीटरच्या बसला किलोमीटरमागे 24 रुपये, 9 मीटरला 22, 7 मीटरला 20, आणि तेही 10 वर्षं. शिवाय डेपोच्या बांधकामाला हातभार, आणि डेपोपर्यंत वीज आणायच्या सबस्टेशन वगैरे व्यवस्थेला पूर्ण मदत. लोकसंख्या 2011 च्या जनगणनेची धरायची होती, नवी जनगणना झालीच नव्हती ना, त्यामुळे शहर प्रत्यक्षात कितीही वाढलेलं असलं तरी आम्ही 5 ते 10 लाखांच्या गटातच बसलो. त्या गटाला 100 बसपर्यंत मागता येत होत्या.

अडचण नेमकी काय होती

सगळ्यांना वाटत होतं अडचण बस मिळायची आहे. मलाही सुरुवातीला तसंच वाटलं. पण पहिल्याच बैठकीत लेखा विभागाच्या मॅडमनी विचारलं, "दहा वर्षांचं नंतर बघू, पहिल्या मार्चला मी हे बिल कोणत्या हेडखाली टाकू ते सांगा." कोणाकडेच उत्तर नव्हतं.

हिशोब सोपा आहे, पण तो मांडल्याशिवाय कळत नाही. खाली जो दर धरलाय तो आमचा खरा दर नाही, समजावं म्हणून घेतलाय. समजा ऑपरेटरला किलोमीटरमागे 62 रुपये द्यायचे. त्यातले 22 केंद्र देणार. तिकीट आणि जाहिरात मिळून समजा 24 आले. उरले 16 रुपये. 50 बस, रोज 180 किलोमीटर, म्हणजे दिवसाला 9,000 आणि वर्षाला 32 लाख 85 हजार किलोमीटर. गुणिले 16, म्हणजे सव्वापाच कोटींच्या वर, दरवर्षी, महापालिकेच्या खिशातून. आणि कंडक्टरचा पगार, तिकीट मशीन, स्टॉपची देखभाल हे सगळं वेगळंच. केंद्राची मदत संपल्यावर हीच तूट किलोमीटरमागे 38 होते, म्हणजे साडेबारा कोटींच्या आसपास. त्यात अजून एक गोम, ऑपरेटरचा दर करारानुसार महागाईबरोबर वाढत जातो आणि केंद्राचे 22 तिथेच राहतात. म्हणून तूट पहिल्या वर्षी सगळ्यात कमी असते, नंतर वाढतच जाते. प्रस्तावात मात्र पहिल्याच वर्षाचा आकडा टाकायची सवय आहे.

दुसरी अडचण जागेची आणि तिसरी विजेची. या दोन वेगळ्या आहेत असं आम्ही धरून चाललो, आणि या प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक तिथेच झाली.

कोणते पर्याय समोर होते

योजनेत जायचंच नाही, हा पर्याय गांभीर्याने बोलला गेला. हवा सुधारण्यासाठी शहरांना केंद्राकडून वेगळा निधी मिळतो, राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम 2019 पासून चालू आहे, त्यातून आठ-दहा बस स्वतः विकत घ्याव्यात असं काहींचं म्हणणं. मालकी आपली, ऑपरेटरची कटकट नाही. पण स्वतःच्या ई-बस दुरुस्त करणारी माणसं कुठून आणणार? आमच्या वर्कशॉपमधले मेकॅनिक डिझेल इंजिनात वाघ आहेत, हाय व्होल्टेज बॅटरीला हात लावायचं प्रशिक्षण त्यांना कोणी दिलेलं नाही, आणि तसा हात लावू देणंही बरोबर नाही. आणि आठ बसने शहराला काय फरक पडणार.

सीएनजीचाही विचार झाला, लगेच मिळाल्या असत्या, पण त्याला ही किलोमीटरची मदत नाही.

म्हणून योजनेत जायचं ठरलं, मग प्रश्न किती मागायच्या. राजकीय मंडळींना 100 हव्या होत्या, मिळतायत तर का सोडायच्या. मॅडमनी वरचाच हिशोब दुप्पट करून दाखवला, साडेदहा कोटी. आयुक्त साहेबांनी तेव्हाच्या तेव्हा 50 वर बोट ठेवलं. माझ्या मते सगळ्या प्रकरणात घेतलेला हा सगळ्यात शहाणा निर्णय होता, आणि त्याबद्दल त्यांनी नंतर बरंच ऐकून घेतलं.

लांबीवर वाद झाला. 12 मीटरला केंद्राचे 2 रुपये जास्त, आणि फोटोत मोठी बस चांगली दिसते. पण आमच्या जुन्या शहरात दोन वळणं अशी आहेत की तिथे साधी एसटीसुद्धा पुढे-मागे करत निघते. परिवहन विभागातल्या एका जुन्या ड्रायव्हरकाकांना बैठकीत बोलावलं, ते म्हणाले, "साहेब, तुम्ही मोठी आणाल हो, पण मंडईच्या कोपऱ्यावर ती अडकली की मागचं अख्खं शहर माझ्या नावाने ओरडणार." 9 मीटर ठरली.

मग डेपो. जुना डेपो शहराच्या मधोमध, पण जेमतेम दोन एकर, त्यात डिझेल गाड्या, वर्कशॉप, भंगार. दुसरी जागा विकास आराखड्यात बस डेपोसाठीच आरक्षित, जागा उत्तम, पण अतिक्रमण आणि कोर्टात केस. तिसरी शहराबाहेर 11 किलोमीटरवर सरकारी जमीन, सातबारा स्वच्छ, महसूल विभाग द्यायला तयार. वेळ कमी होता, प्रस्तावात जागेची कागदपत्रं जोडायचीच होती, म्हणून तिसरी घेतली. त्या दिवशी एकानेही विचारलं नाही की त्या जागेपासून सगळ्यात जवळचं सबस्टेशन किती लांब आहे. मीही नाही विचारलं.

काय केलं

प्रस्ताव गेला, मंजुरी आली, आणि 16 मार्च 2024 ला लोकसभेची आचारसंहिता लागली ती जूनपर्यंत. डेपोच्या कामाचा कार्यादेश तेवढ्यासाठी अडकला. त्या काळात कागदावरची कामं करता आली असती, विजेच्या लोडचा अर्ज तर नक्कीच, त्याला आचारसंहितेचा काही संबंध नव्हता. पण सगळं ऑफिस निवडणूक ड्युटीवर, फाईल हलली नाही. पुढे ऑक्टोबरमध्ये विधानसभेची आचारसंहिता लागली, तेव्हा पुन्हा महिनाभर तेच.

लोडचा अर्ज शेवटी गेला तेव्हा सल्लागाराने साडेतीन एमव्हीएचा लिहिला होता (एक एमव्हीए म्हणजे ढोबळमानाने हजार किलोवॉट). कसा काढला विचारलं तर 240 किलोवॉटचे 12 चार्जर, त्यांची बेरीज 2,880 किलोवॉट, वर मार्जिन. वीज कंपनीकडून उत्तर आलं की एवढ्या लोडसाठी साडेचार किलोमीटरवरच्या सबस्टेशनमधून स्वतंत्र फीडर, म्हणजे फक्त आपल्यासाठीची वीजवाहिनी, टाकावा लागेल, केबल दोन रस्त्यांखालून जाणार, एक आपला आणि एक राज्य महामार्ग, म्हणजे दोन वेगळ्या खोदाई परवानग्या, आणि पावसाळ्यात खोदाई बंद.

इथे आमच्या विद्युत विभागातल्या एका कनिष्ठ अभियंता मुलीने जे केलं ते मला अजून आठवतं. तिने चार्जरच्या पाटीवरचा आकडा बाजूला ठेवला आणि बसकडून सुरुवात केली. एक 9 मीटर बस किलोमीटरला साधारण एक युनिट खाते, एसी चालू असेल तर थोडं जास्त. 50 बसचे 9,000 किलोमीटर म्हणजे 9,000 युनिट, चार्जिंगमधली गळती धरून 10,000. रात्री 11 ते पहाटे 5 असे सहा तास मिळतात. 10,000 भागिले 6, म्हणजे साधारण 1,650 किलोवॉट. सगळे चार्जर एकाच वेळी पूर्ण जोराने चालवायची गरजच नाही, कुठली बस कधी लावायची याचं वेळापत्रक केलं की दोन-सव्वादोन एमव्हीएत भागतं. आणि एचटी, म्हणजे उच्चदाब, कनेक्शनला डिमांड चार्ज निदान मंजूर लोडच्या ठरावीक हिश्श्यावर तरी लागतोच, म्हणजे न वापरलेल्या लोडचंही काही बिल येतं. तिच्या त्या एका पानाने दरवर्षीचा मोठा खर्च वाचला, पण सांगायचं म्हणजे तिला पहिल्या बैठकीला बोलावलंच नव्हतं. अर्ज बदलून सव्वादोन एमव्हीएचा केला. स्वतंत्र फीडर तरीही लागणारच होता, पण जवळून जाणाऱ्या 11 केव्ही लाईनवर सुरुवातीला थोडा लोड देता येईल असं वीज कंपनीने मान्य केलं, साधारण 15 बसपुरता.

पुढचा निर्णय त्यातूनच आला. 50 बस एकदम आणायच्या नाहीत. ऑपरेटर एकदम द्यायला तयार होता, त्याचंही बरोबर, गाडी दारात उभी राहिली तर त्याचं कर्जाचं व्याज चालू. करारात असं असतं की ठरलेल्या किमान किलोमीटरपेक्षा कमी धावली आणि चूक महापालिकेची असेल तर न धावलेल्या किलोमीटरचेही काही पैसे द्यावे लागतात. वीज नाही ही चूक सरळसरळ आपली. म्हणून त्याच्याशी बसून, लेखी, टप्पे ठरवले: आधी 15, फीडरमधून वीज सुरू झाल्यावर बाकीच्या. याला जवळपास दोन महिने गेले आणि दोन्हीकडून चिडचिड झाली, पण हे केलं नसतं तर 35 नव्या बस उन्हात उभ्या आणि त्यांचं बिल चालू, अशी परिस्थिती झाली असती.

पैशाच्या बाजूने दोन गोष्टी झाल्या. एक, एस्क्रो खातं उघडलं, म्हणजे ज्यातला पैसा ठरलेल्या कामालाच वापरता येतो असं खातं, तिकिटाचा पैसा थेट त्यात, आणि पार्किंग आणि होर्डिंगच्या उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा तुटीसाठी त्यातच वळवायचा ठराव केला. तेव्हा महापालिकेवर प्रशासक होते, त्यामुळे ठराव एका दिवसात झाला. सोयीचं झालं खरं, पण नगरसेवकांनी चर्चा करून न केलेला ठराव पुढे निवडून आलेली सभा बदलू शकते ही भीती मला तेव्हाही होती आणि आजही आहे. दुसरी गोष्ट आमच्या हातात नव्हती. 11 सप्टेंबर 2024 ला केंद्राने पेमेंट सिक्युरिटी मेकॅनिझम मंजूर केलं, 3,435.33 कोटींचं, 38,000 पेक्षा जास्त ई-बससाठी. महापालिका किंवा परिवहन संस्था वेळेवर पैसे देऊ शकली नाही तर त्या निधीतून ऑपरेटरला पैसे जातात आणि नंतर ते वसूल होतात, त्यासाठी राज्याने रिझर्व्ह बँकेतल्या खात्यातून थेट कापून घ्यायची परवानगी द्यायची. 2019 ला आमच्या टेंडरला कोणी का आलं नाही याचं उत्तर या एका व्यवस्थेत आहे. ऑपरेटरला कर्ज देणारी बँक आमच्या महापालिकेचा ताळेबंद बघून झोपू शकत नव्हती, तिला आता मागे कोणीतरी उभं दिसतं.

मग तो 11 किलोमीटरचा डेपो. प्रत्येक बस सकाळी 11 किलोमीटर रिकामी येणार आणि रात्री 11 किलोमीटर रिकामी जाणार, 50 बसचे रोज 1,100 किलोमीटर, म्हणजे एकूण धावेच्या 12 टक्के, आणि ऑपरेटरला त्याचेही पैसे. वरच्याच 62 च्या दराने वर्षाला अडीच कोटींच्या जवळ, एकही प्रवासी न बसवता. यावर उपाय सापडला तो नकाशात नाही, डेपोच्या गेटवर. तिथल्या वॉचमनने सांगितलं की पहाटे सहापासून समोरच्या रस्त्यावर एमआयडीसीची पहिली पाळी गाठणारे लोक टमटमसाठी उभे असतात. मग मार्गच उलटे आखले. डेपोजवळच्या गावातून पहिली फेरी एमआयडीसीकडे, तिथून शहरात, आणि रात्री शेवटची फेरी तशीच परत. सगळे रिकामे किलोमीटर संपले नाहीत, पण निम्म्याहून जास्त फेऱ्यांमध्ये आता माणसं बसलेली असतात. जुन्या डेपोतही दोन चार्जरची जागा काढली, दुपारी तासभर लावून घ्यायला, म्हणजे दुपारी चार्जिंगसाठी 11 किलोमीटर परत जायला नको.

निकाल

पहिल्या 15 बस सुरू झाल्या तेव्हा मूळ वेळापत्रकापेक्षा बराच उशीर झाला होता. फीडरची केबल एका पावसाळ्याने पुढे गेली, कारण राज्य महामार्गाची खोदाई परवानगी आपल्या परवानगीनंतर चार महिन्यांनी आली. त्या काळात डेपोत 12 पैकी 8 चार्जर झाकून ठेवलेले. पेपरात फोटो आला, लोकांनी विचारलं की पैसे असून गाड्या का नाहीत, आणि त्यांचं विचारणं बरोबरच होतं.

चालू झालेल्या बसचं म्हणाल तर एमआयडीसी मार्ग पहिल्या महिन्यातच भरला. जुन्या शहरातले मार्ग अजून कमी भरतात, तिथे रिक्षा दर दोन मिनिटाला मिळते आणि आमची बस दर 25 मिनिटाला, कोण थांबणार. 15 बस चार मार्गांवर वाटल्या गेल्या, खरं तर दोनच मार्गांवर दाट सोडायला हव्या होत्या. प्रत्येक प्रभागाला एक तरी बस हवी या आग्रहापुढे आम्ही नमलो. जुन्या डिझेल गाड्या भंगारात काढायचंही एकदम नाही केलं, ई-बसची संख्या वाढेल तशा टप्प्याटप्प्याने, ते मात्र चांगलं झालं, नाहीतर मधल्या काळात सेवाच बंद पडली असती.

आज परत करायचं झालं तर

जागा ठरवायच्या आधी वीज कंपनीच्या कार्यालयात जाईन. तीन जागांचे गट नंबर हातात घेऊन फक्त एवढंच विचारेन की इथे दोन एमव्हीए कधी आणि कुठून मिळेल. हे विचारायला कुठलीही मंजुरी लागत नाही, अर्धा दिवस जातो. कोर्टातल्या आरक्षित जागेपासून सबस्टेशन 900 मीटरवर होतं, हे आम्हाला नंतर कळलं. ती केस लढायला लागलेला वेळ आणि आम्ही फीडरमध्ये घालवलेला वेळ यात फार फरक उरला नसता असं मला वाटतं, यावर आमच्या ऑफिसमध्ये दोन मतं आहेत, शहर अभियंता साहेब अजूनही म्हणतात की कोर्टाच्या भरवशावर केंद्राचा निधी अडकवणं बरोबर नव्हतं.

लोड काढायचं काम सल्लागाराकडे देताना फेऱ्यांचं वेळापत्रक सोबत देईन. वेळापत्रकाशिवाय कुठलाही सल्लागार पाट्यांची बेरीजच करणार, त्याला दोष देऊन उपयोग नाही.

प्रस्तावातला तुटीचा तक्ता एका वर्षाचा न देता बारा वर्षांचा देईन, ऑपरेटरच्या दरातली वाढ आणि केंद्राची मदत थांबण्याचं वर्ष त्यात ठळक दाखवून. तो आकडा बघून कोणी म्हणालं असतं की हे झेपणार नाही, तर ते म्हणणं तेव्हाच ऐकून घ्यायला हवं होतं. आम्ही तो तक्ता आता केलाय. येत्या बजेटच्या आधी लेखा विभागाच्या मॅडम तो सभेपुढे ठेवणार आहेत, पार्किंगच्या उत्पन्नातला हिस्सा किती वाढवायचा या प्रस्तावासोबत, आणि बाकीच्या 35 बसचं वेळापत्रक त्याच बैठकीवर अवलंबून आहे.